विजयदुर्ग तिथी बघून गाठा: खाडी आणि दर्याच्या मधले अडीच दिवस

माझं आजोळ पडेलच्या बाजूचं, तरी विजयदुर्ग नीट कसा बघायचा हे मला कळलं ते पुण्याच्या चार मित्रांना एप्रिलच्या भर दुपारी तिथे नेऊन फजिती झाल्यावर. चिऱ्याचा तट तव्यासारखा तापलेला, एकाची चप्पल तुटलेली, डोक्यावर सावली नाही. होडीतून तरी फिरू म्हणून धक्क्यावर आलो, तर जाळं विणत बसलेल्या काकांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "आता सुकती लागली हा. चार वाजता येवा." आम्हाला चारला मालवणात पोचायचं होतं. गेलो निघून.

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरायला लागलं की किल्ल्याच्या दर्याकडच्या अंगाचे खडक वर येऊ लागतात, आणि शहाणा माणूस होडी तिकडे नेत नाही. विजयदुर्गचा किल्ला जमिनीच्या टोकावर तीन बाजूंनी पाणी घेऊन उभा आहे. पूर्वी चौथ्या बाजूला खंदक होता, तो बुजून आज तिथून रस्ता आत जातो. एका अंगाला वाघोटनची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, पाठीशी गिर्ये आणि पडेलचा कातळ-सडा. अशा जागी दिवसाचं वेळापत्रक घड्याळावर लावून चालत नाही. आधी पाणी बघायचं, मग निघायचं.

आधी तिथी काढा

कोकणात लहान पोरांनाही येतं ते गणित असं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं असणार, पहाटे तीनलाही तसंच. त्याआधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला पाणी तळाशी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. होडीत बसायचं असेल तर मोबाईलवरचा भरतीचा तक्ता बघा आणि त्यावर धक्क्यावरच्या माणसाचा शब्द घ्या.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

यावरून माझं मत सांगतो. पोचण्याचा दिवस चतुर्थी किंवा पंचमी धरा. दुपारी तीन-पावणेचारला भरती, म्हणजे उन्हं कलताना होडी, मग सूर्यास्तापर्यंत किल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला ओहोटी, म्हणजे पुळणीवर चालायला मोकळी वाळू. फक्त वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. घरी पाळत असाल आणि मासेही खायचे असतील, तर सरळ पंचमीच धरा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आंब्यासाठी यायचं तर एप्रिलचा शेवट ते मे, पण मग अकरा ते चार घराबाहेर पडायचं नाही, हे स्वतःशी ठरवून या. पावसाळ्यात सडा हिरवागार होतो, त्याचं वर्णन करावं तेवढं थोडं. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या, आणि तटावर शेवाळ. पावसात जुन्या तटाचे चिरे ढासळतातही, तेव्हा त्या दिवसांत कडेला जाऊच नका.

यायचं कसं

गाडीने मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला उजवीकडे वळायचं. तिथून विजयदुर्ग पन्नासेक किलोमीटर. कोल्हापूरहून गगनबावडा उतरून वैभववाडी, तळेरे असा रस्ता, एकूण १४० किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून येणाऱ्यांना मी हाच सांगतो. घाटात दुरुस्ती चालू असली की वाहतूक वळवतात, निघण्याआधी एकदा विचारून घ्या.

रेल्वेने आलात तर दादरहून रात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी वैभववाडीला सोडते. कणकवलीला थांबणाऱ्या गाड्या जास्त आहेत. पुढे एसटी. विजयदुर्गला एसटीचं स्वतःचं आगार आहे, त्यामुळे शेवटच्या टोकाचं गाव असूनही गाड्या मिळतात. एक नाव लक्षात ठेवा: पडेल कँटीन. हे हॉटेल समजू नका, तो तिठा आहे. विजयदुर्ग, देवगड आणि तळेरे या तीन वाटा इथे भेटतात, आणि रस्ता विचारलात की प्रत्येक जण तुम्हाला आधी इथेच पाठवेल.

कोकण बोटीच्या काळात मुंबईचे चाकरमानी थेट विजयदुर्गच्या धक्क्यावर उतरत. घरातली म्हातारी माणसं अजून 'बोटीने येताना' असं बोलतात, तेव्हा त्यांना एकदा विचारा. अर्धा तास सहज जातो.

मुक्काम विजयदुर्ग गावातच करा. घरगुती खोल्या आहेत, चकचकीत काही नाही. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करून किती माणसं जेवणार आणि मासे खाणार की शाकाहारी, हे सांगून ठेवा. इथे स्वयंपाक माणसं मोजून होतो. रोख पैसे जवळ असू द्या, रेंज रुसली की यूपीआयही रुसतं.

पहिला दिवस: आधी पाण्यातून, मग पायी

किल्ला पहिल्यांदा होडीतून बघा, हा माझा हट्ट आहे. जमिनीकडून आलात तर विजयदुर्ग म्हणजे एक दरवाजा आणि भिंत. पाण्यातून आलात तर शत्रूला काय दिसत होतं ते दिसतं: एकावर एक चढत गेलेले तीन तट आणि त्यातून पुढे आलेले बुरूज. होडी ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: किती वेळ, फक्त खाडीत की किल्ल्याला वळसा, आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का. जॅकेट नसेल तर बसू नका. थंडीत सकाळी खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनही दिसतात. दिसले तर नशीब म्हणायचं, त्यासाठी पैसे मोजू नका.

वळसा घालताना होडीवाल्याला तटावरचे तोफगोळ्यांचे वण दाखवायला सांगा. दर्याकडच्या चिऱ्यांत गोल खळगे पडलेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानेही चिरा झिजतो, पण ती झीज जाळीसारखी पसरते. गोळ्याचा वण एकटा, खोल आणि भोवती तडे घेऊन असतो. एकदा फरक कळला की नजर आपोआप शोधू लागते.

हे गोळे कोणाचे? शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने बांधलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, वाढवला आणि त्याला विजयदुर्ग नाव दिलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी जोर लावून पाहिला; दोघांनाही हात हलवत परत जावं लागलं. इंग्रजांच्या कागदांत हा 'घेरिया'. तो पडला १७५६ च्या फेब्रुवारीत. अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि क्लाइव्हची फौज जमिनीवरून आली. कान्होजींचे पुत्र आणि किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे त्या वेळी पेशव्यांच्या ताब्यात गेलेले, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने. खाडीत नांगरलेल्या आंग्र्यांच्या जहाजांवर गोळा पडून आग लागली आणि सगळं आरमार एकमेकांना चिकटून जळालं. होडीतून तुम्ही जिथून जाता तेच हे पाणी. मराठ्यांचं सर्वांत मजबूत आरमार मराठ्यांच्याच मदतीने बुडालं, हे धक्क्यावर बसून आठवलं की सोलकढीही घशाखाली उतरत नाही. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला, आणि आनंदराव धुळपांनी इथून पेशव्यांचं आरमार चालवलं. १८१८ मध्ये पुन्हा इंग्रज.

किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्राच्या पोटात आणखी एक भिंत असल्याचं तुम्हाला गावात हमखास सांगतील. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सव्वाशे मीटरच्या घरात लांबीची रचना तिथे मोजल्याचं प्रसिद्ध आहे. खोल तळाची जहाजं तिच्यावर आपटून फुटत, ही त्यापुढची गोष्ट. वरून काहीही दिसत नाही, तेव्हा दाखवतो म्हणणाऱ्याला जास्तीचे पैसे देऊ नका.

होडीतून उतरलात की चारच्या पुढे किल्ल्यात शिरा. दरवाजाजवळ मारुती आहे. जिबीच्या दरवाजातून पुढे जाताना लक्षात घ्या, वाट सरळ नाही. वळणावळणाने आत घेते, म्हणजे धावत आलेला शत्रू प्रत्येक वळणावर अडकावा. आत सतरा एकरांचा पसारा आहे आणि पाट्या कमी. माझा क्रम असा: आधी तटावर न चढता आतून फिरायचं. सदर, खलबतखाना, दारूकोठार, गोड्या पाण्याचा तलाव, भवानीचं देऊळ. खारं पाणी हातभर अंतरावर असताना माणसं आत महिनोन्‌महिने कशी टिकली, याचं उत्तर त्या तलावात आहे. मग पाचनंतर तटावर चढून दर्याच्या बाजूने चालत जा आणि सूर्य बुडेपर्यंत पश्चिमेच्या बुरुजावर बसा. खुबलढा बुरूज चुकवू नका. टॉर्च न्या, कोठारांत दिवसाही अंधार, आणि परतताना पायऱ्या दिसत नाहीत. गवतात बूटच हवेत. चपलेचं काय होतं ते वर सांगितलंच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत विजयदुर्ग आहे. त्यानंतर गर्दी वाढली आहे. तरी पाचनंतर अर्धी माणसं निघून जातात.

साहेबाच्या ओट्यांची गोष्ट, जरा दुरुस्त करून

किल्ल्यात काही ओटे आहेत, 'साहेबाचे ओटे'. नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियमचा शोध लावला, असं तुम्हाला सांगतील. दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवसही साजरा होतो.

साधा प्रश्न विचारा: ऑगस्टच्या मध्यावर कोकणात आभाळ कधी मोकळं असतं? १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होता. ते ग्रहण जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकयरने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच, इंग्लंडमधून, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो वायू रॅमसेला मिळाला १८९५ मध्ये. लॉकयर विजयदुर्गला खरोखर आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. इंग्रजी युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन त्याने दुर्बिणी मांडल्या आणि छायाचित्रं काढली. जानेवारीतलं कोरडं आभाळ, समुद्राचं टोक. जागा अचूक निवडली होती. ओटे त्या ग्रहणाचे मानणंच मला पटतं. गावात कोणाशी यावरून वाद घालू नका, पण मुलांना खरी गोष्ट सांगा. ती तेवढीच सुरस आहे.

दुसरा दिवस: गिर्ये, गोदी आणि विमलेश्वर

सकाळी आधी धक्क्यावर जा. होड्या आलेल्या असतील तर मासळीचे वाटे मांडलेले दिसतील. इथे किलोचा हिशोब कमी, वाट्याचा जास्त. "ह्यो वाटो केदयाक?" म्हणजे हा वाटा केवढ्याला, एवढं मालवणी पुरतं. पुढची घासाघीस बायका तुम्हाला शिकवतीलच, बहुधा तुमच्याच खर्चाने. बांगडा घेताना डोळा बघा: भरलेला आणि चकचकीत हवा, खोल गेलेला आणि धुरकट नको. कल्ला उघडून लाल आहे ना पाहा. पोट बोटाने दाबा, खळगा राहिला तर पुढे चला. घेतलेली मासळी मुक्कामाच्या घरी द्या आणि 'तिरफळ घालून तिखलं करा' असं सांगा. तिरफळाचा वास ज्याला आवडला तो पुढे कोकणाबाहेर बांगडा खात नाही.

मग गिर्ये. तीनेक किलोमीटर मागे आलं की रामेश्वराचं देऊळ. देऊळ सखल जागी आहे आणि तिथे जायला कातळ कापून वाट काढलेली आहे. दोन्ही अंगांना उंच काळसर जांभा, वर झाडं, खाली पाय ठेवताच गारवा. वाटेच्या तोंडाशी संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. घाईत माणसं ती न बघताच पुढे जातात. आत लाकडी सभामंडप, भिंतींवर जुनी चित्रं आणि पोर्तुगीज जहाजावरची म्हणून सांगितली जाणारी घंटा. चित्रांवर फ्लॅश मारू नका. पुजारी मोकळे असले तर बसून बोला.

तिथून खाडीच्या बाजूला उतरलात की आंग्र्यांची गोदी. माझ्या मते सगळ्या टोकावरची ही सर्वांत दुर्लक्षित जागा. कातळ तासून केलेलं हे जहाजांचं घर. जुन्या गॅझेटियरमध्ये ३५५ फूट लांब आणि तोंडाशी २२७ फूट रुंद अशी नोंद आहे. भरतीला पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते टेकलं की तळ खरवडून डागडुजी करायची आणि पुढच्या उधाणाला बाहेर काढायचं. पंप नाही, इंजिन नाही; सगळं काम चंद्राकडून करून घेतलं. आज गाळ भरलाय आणि कडेला झुडपं माजलीत. बघायला काही नाही असं म्हणून दहा मिनिटांत परतणारे मी पाहिलेत. पाणी अर्ध्यावर चढत असताना कातळाच्या कडेला बसा, गाळावरून पाणी आत सरकताना बघा, मग कळतं. वाट एकदा गावात विचारून घ्या, आणि पायात बूट ठेवा.

दुपारी जेवून झोप काढा. हा सल्ला गांभीर्याने घ्या.

साडेतीनला देवगडच्या दिशेने निघा. वाटेत वाडा गावचं विमलेश्वर: कातळात कोरलेलं देऊळ, दर्शनी बाजूला हत्ती, भोवती पोफळी आणि पाण्याचा आवाज. पुढे वाडातरचा पूल लागतो, तिथे गाडी सुरक्षित बाजूला लावून खाडी बघा. देवगडात संध्याकाळ पवनचक्क्यांच्या माळावर घालवा किंवा किल्ल्यावर. देवगडचा किल्ला विजयदुर्गपुढे किरकोळ. लोक जातात ते दीपगृहासाठी आणि वरून दिसणाऱ्या बंदरासाठी. मुक्काम देवगड-जामसंड्यात.

उरलेला अर्धा दिवस: कुणकेश्वर

तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून गेलात तर अंतर बरंच वाचतं. देऊळ थेट पुळणीवर. भरतीला लाटा जवळ येतात, ओहोटीला समोर रुंद वाळू उघडी पडते. षष्ठी-सप्तमी आली असेल तर सकाळी साडेदहा-अकरापर्यंत पाणी उतरतं, तेव्हा आठलाच पोचा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते; त्या गर्दीत यायचं तर जत्रेसाठीच या, समुद्र बघायला नको. वेळ असेल तर पुढे मिठबावची गजबादेवी, समुद्रात घुसलेल्या टेकाडावरचं देऊळ.

पाण्यात उतरण्याबद्दल स्पष्ट लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये देवगडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. समुद्र त्या महिन्यात शांत दिसतो, हाच धोका. ओहोटी लागलेली असताना पाण्यात जाऊ नका, गुडघ्याच्या पुढे तर अजिबात नाही. खाडी समुद्राला मिळते तिथे पाय बुडवायलाही नको. लाटांच्या रांगेत मध्येच एक पट्टा सपाट आणि गढूळ दिसला, तर तिथे पाणी आत ओढतंय असं समजा. कोणी कोळी ओरडून बाहेर बोलावत असेल तर वाद न घालता बाहेर या.

जेवण आणि आंबा

मासे सगळे खातातच. मी सांगेन ते इथलं शाकाहारी: काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, सकाळी घावणे किंवा उकड्या तांदळाची पेज, आणि आधी सांगितलंत तर रस-शिरवाळे. गरम शेवया नारळाच्या गोड दुधात. शिरवाळे पाडायला दोन माणसं लागतात, एक साचा धरायला आणि एक दाबायला, म्हणून ऐनवेळी मागू नका.

हापूस बागेतून घ्या. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्याकडेच्या पेटीत काय आहे ते पेटीच जाणे. बागायतदार झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट आंबा उतरवतो, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळून काळा डाग पडतो. तयार आंबा हवा की अढीतला कच्चा, ते आधी ठरवा. पुण्या-मुंबईच्या प्रवासाला अर्धकच्चाच बरा. घरी गवतात पसरून ठेवा, एकावर एक रचू नका, फ्रिजमध्ये तर नकोच. वासावर जा, रंगावर नको. सगळीकडून एकसारखा पिवळाधमक आणि वास नाही, असा आंबा मी हातात घेऊन परत ठेवतो. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला तर तो साका. बागायतदारालाही तो बाहेरून दिसत नाही, तेव्हा एखाद-दुसऱ्या फळावरून त्याच्याशी भांडू नका. पेटीत अर्धे तसे निघाले तर जरूर फोन करा.

आणि त्या जाळं विणणाऱ्या काकांकडे मी पुढच्या वर्षी पंचमीला, बरोबर पावणेचारला गेलो. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बसा," म्हणाले.